डेक्सा स्कॅनर चरबीचे आकडे चुकवतोय? कॅलिब्रेशनला हात लावण्याआधी हे बघा

डेक्सा म्हणजे दोन ऊर्जांच्या एक्स-रेने कार्कसमधली, म्हणजे कापून सोललेल्या जनावराच्या धडातली, चरबी मोजणारं यंत्र. आधी लक्षणं. यातलं तुमच्याकडे नेमकं काय दिसतंय ते पक्कं करा, कारण पुढची वाट त्यावर ठरते.

– आकडे हळूहळू सरकतात. शिफ्टच्या सुरुवातीला सरासरी चरबी २३ टक्के, जेवणाच्या सुट्टीपर्यंत २५, शेवटी २६. माल मात्र एकाच कळपातला.
– आकडे एकदम उडी मारतात. सुट्टीआधी एक सरासरी, सुट्टीनंतर दुसरी, आणि मग तिथेच ठाण मांडून.
– सरासरी ठीक, पण एकेक कार्कस बघितलं तर हसू येतं. हडकुळं धड ३१ टक्के, आणि पाठीवर बोटभर चरबी असलेलं १७.
– चित्रात रेघा. आडव्या की उभ्या ते लिहून ठेवा.
– चित्रातलं धड चेपलेलं किंवा ताणलेलं दिसतं.
– पातळ भाग चुकतात आणि जाड भाग बरोबर येतात, किंवा नेमकं उलट.
– यंत्र मधेच बंद पडतं, इंटरलॉकचा (दार उघडलं की किरण बंद करणाऱ्या सुरक्षा-स्विचचा) संदेश येतो. हे असेल तर मधलं काही वाचू नका, सरळ शेवटच्या भागावर जा.

मी मांस-प्रक्रियेच्या लाइनवरची उपकरणं सांभाळतो. मेंढ्यांच्या लाइनवर, वजनकाट्याच्या पुढे बसवलेला डेक्सा स्कॅनर हे त्यातलं सगळ्यात जास्त शिव्या खाणारं यंत्र. तक्रार दर वेळी एकच असते. बोनिंगचे, म्हणजे हाडापासून मांस सोडवणाऱ्या विभागाचे, मुकादम वर येतात, हातातला कागद टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "तुमचं मशीन खोटं बोलतंय." मग कुणीतरी उत्साहाने कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्राची मोजणी नव्याने जुळवून घेण्याचं, बटण दाबतं, आकडे तासभर सुधारल्यासारखे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद परत टेबलावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कॅलिब्रेशनने बिघाड जात नाही, तो गुंडाळून आत ठेवला जातो, आणि नंतर शोधायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून खालच्या क्रमात ते बटण जवळजवळ शेवटी आहे.

यंत्र काय करतं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर तपासण्या म्हणजे नुसते मंत्र वाटतील. एका बाजूला एक्स-रे ट्यूब, दुसऱ्या बाजूला डिटेक्टरची उभी पट्टी, मधून कार्कस आडवं सरकत जातं. पट्टीत डिटेक्टरचे दोन थर असतात आणि मधे तांब्याचा पत्रा. पुढचा थर सौम्य, म्हणजे कमी ऊर्जेचे, किरण पकडतो, पत्रा उरलेले सौम्य किरण शोषतो आणि मागच्या थराला फक्त कडक किरण मिळतात. चरबीत भर कार्बन आणि हायड्रोजनची, म्हणजे अणुक्रमांक ६ आणि १. मांसात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी, म्हणजे ऑक्सिजन जास्त, अणुक्रमांक ८. हाडात कॅल्शियम, अणुक्रमांक २०. हा फरक सौम्य किरणांना चांगला जाणवतो, कडक किरणांना फारसा नाही. म्हणून दोन्ही थरांत किरण किती अडले त्याचं गुणोत्तर काढलं की त्या ठिकाणी 'काय' आहे ते कळतं, आणि एकूण किती अडले त्यावरून 'किती' आहे ते कळतं. दवाखान्यात हाडांची घनता मोजतात ती हीच पद्धत.

यात एक मर्यादा आहे. दोन ऊर्जांवरून एका ठिकाणचे दोनच घटक वेगळे करता येतात, तीन नाही. हाडामागची चरबी यंत्राला 'दिसत' नाही, ती सूत्राने अंदाजलेली असते. ते सूत्र सीटी स्कॅन केलेल्या किंवा पूर्ण सोडवून तोललेल्या कार्कसवरून बसवलेलं असतं. एकेका कार्कसला थोडी चूक राहणारच. युरोपीय संघात डुकरांच्या प्रतवारीच्या पद्धतीला मान्यता हवी असेल तर मांसाच्या टक्केवारीच्या अंदाजातली ठरावीक चूक २.५ टक्क्यांपेक्षा कमी असावी लागते. म्हणजे मान्यताप्राप्त यंत्रसुद्धा एखाद्या धडाला दोन टक्के इकडेतिकडे सांगू शकतं. तेव्हा एका कार्कसवरून भांडायला येणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. पन्नास कार्कसचा कल सरकला असेल तर उठा.

काही न उघडता, बसल्या जागी

पहिला प्रश्न स्कॅनरला नाही, बोनिंगला विचारा: ट्रिमचा नियम बदलला का? मागच्या आठवड्यात पाठीवर ५ मिमी चरबी ठेवत होते आणि आज ऑर्डरप्रमाणे १० मिमी ठेवतायत, तर तुमच्या आकड्यांशी त्यांचा उतारा (धडामागे निघणारं मांस) जुळणार कसा? सुरीवर नवीन माणसं आली असली तरी तेच. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात, आणि त्याला फक्त एक फोन लागतो.

दुसरं, आकड्यांचा तक्ता बंद करा आणि चित्रं उघडा. सलग वीस-पंचवीस चित्रं नुसती नजरेखालून घाला. ऑपरेटर दिवसभर आकडे बघतात, चित्र कुणी बघत नाही. आणि निम्मे बिघाड चित्रात अगदी स्वच्छ दिसतात. पट्टी उभी आणि कार्कस आडवं सरकतंय, त्यामुळे डिटेक्टरचा एखादा दाणा (पट्टीतला एक मोजबिंदू) बिघडला किंवा त्याच्यासमोर घाण बसली तर तो दाणा पूर्ण वेळ चुकतो आणि चित्रभर आडवी रेघ उमटते. उभी रेघ म्हणजे एका क्षणी सगळी पट्टीच चुकली. तेव्हा वीज, संगणकाशी जोडणारी केबल किंवा ट्यूबचा क्षणभराचा झटका, इकडे संशय घ्या. शिसं मिसळलेल्या रबरी पडद्याची पट्टी दुमडून किरणांच्या वाटेत लोंबत असेल तर तिचीही काळी कड चित्रात येते. धडाच्या कडेला तीच कड प्रत्येक चित्रात दिसली की समजा, पडदा.

ठोकळा फिरवा. सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच

प्रत्येक स्कॅनरबरोबर तपासणीचा ठोकळा, म्हणजे फँटम, येतो. पॉलिथिलीन, ॲक्रिलिक, नायलॉन अशा प्लास्टिकच्या पायऱ्या, आणि हाडाच्या जागी ॲल्युमिनियम. पॉलिथिलीन चरबीच्या बाजूला झुकतं, ॲक्रिलिक चरबी आणि मांसाच्या मधे कुठेतरी बसतं. प्लास्टिक मांसासारखं ओलं होत नाही, वाळत नाही, कळप बदलला म्हणून बदलत नाही. त्याचा आकडा आज जो आला तोच उद्या यायला हवा.

आकडे सरकल्याची तक्रार आली की ठोकळा हुकाला अडकवा आणि चेन चालू वेगात असताना पाठवा. चेन थांबवून नाही. आता दोनच शक्यता उरतात.

ठोकळ्याचा आकडा नेहमीसारखा आला तर यंत्र निर्दोष आहे. बिघाड यंत्रात जाणाऱ्या मालात किंवा यंत्रातून निघणाऱ्या नोंदीत आहे.

ठोकळ्याचा आकडासुद्धा सरकला असेल तर बिघाड यंत्रात आहे. मग माल धुण्याच्या जागेवर ओरडून उपयोग नाही.

या एका दुभाजनाने अर्धं काम संपतं. आणि हा ठोकळा मी जवळजवळ सगळीकडे कुठे बघितलाय? कपाटावर, त्याच्यावर हेल्मेट ठेवलेलं. ठोकळा शिफ्टच्या सुरुवातीला, सुट्टीनंतर आणि शेवटी असा तीनदा फिरवा आणि आकडा वहीत लिहा. सोबत वेळ आणि डिटेक्टरच्या पेटीचं तापमान. तीन महिन्यांची अशी वही समोर असेल तर दहापैकी सात वेळा यंत्राजवळ न जाता बिघाड सांगता येतो.

ठोकळ्याच्या पायऱ्याही वेगवेगळ्या वाचा, नुसती सरासरी नको. पातळ पायऱ्या चुकतायत आणि जाड बरोबर असतील, तर मोकळ्या हवेचा संदर्भ, म्हणजे वाटेत काही नसताना घेतलेला आकडा, किंवा ट्यूबचा प्रवाह सरकलाय. पातळ जागी किरण मुळातच थोडे अडलेले असतात, त्यामुळे संदर्भातली इवलीशी चूकही गुणोत्तराला मोठी पडते. जाड पायऱ्या चुकत असतील तर अंधाराची पातळी, म्हणजे किरण नसतानाही डिटेक्टर जे सांगतो तो आकडा, वर चढलाय. जाड मांड्यांमागे सिग्नल मुळात क्षीण, तिथे हा खोटा भर टक्कर देतो. सगळ्याच पायऱ्या चुकल्या आणि जाडीबरोबर चूक वाढत गेली, तर ट्यूबच्या व्होल्टेजबद्दल शंका घ्या. ते तुमचं काम नाही.

ठोकळा बरोबर, कार्कस चूक

सुरुवात नोंदींच्या जोडीपासून. आकडा खरा आहे पण दुसऱ्याच धडाच्या नावावर जमा झालाय, हा बिघाड इतक्या वेळा बघितलाय की मी आता डोळे मिटून आधी तोच शोधतो. लाइनवर मिनिटाला ९ कार्कस जातात असं धरा. तपासणीत एक धड बाजूच्या रेल्वर काढलं गेलं, संगणकाला कुणी सांगितलं नाही. आता वजनकाट्याची नोंद आणि स्कॅनरची नोंद एका घराने सरकली. पुढच्या तासात ५४० धडांना शेजाऱ्याची चरबी लागली. सरासरी जशीच्या तशी, त्यामुळे कंट्रोल रूमला शंकाही येत नाही. बोंब मारतात ते फक्त मुकादम, कारण त्यांच्या हातात प्रत्यक्ष धड असतं.

पडताळायची युक्ती फुकटची आहे. स्कॅनर प्रत्येक धडाच्या छायेचं क्षेत्रफळ देतो आणि काटा वजन देतो. दोन्ही स्तंभ एक्सेलमध्ये शेजारी ठेवा आणि आलेख काढा. जड धडाची छाया मोठी, हे उघड आहे. ठिपके तिरप्या पट्ट्यात पडायला हवेत. माशांच्या थव्यासारखे विखुरलेले दिसले तर एक स्तंभ एका रांगेने खाली सरकवा. ठिपके टपकन रांगेत आले की चोर सापडला. दोन रांगा सरकवाव्या लागल्या तर दोन धडं निसटलीयत. सरकण्याची सुरुवात नेमकी कितव्या धडापासून झाली ते शोधा, त्या वेळेला बाजूच्या रेल्वर कोण होतं ते विचारा, आणि तिथे रिकाम्या हुकाची नोंद करायची पद्धत लावून द्या. एकदा तर मी सलग तीन दिवस हाच खेळ बघितला, रोज सव्वादहाला. सव्वादहाला तिथला माणूस बदलत होता, आणि नव्याला बटणाचं कुणी सांगितलंच नव्हतं.

काट्याचा टेअरही, म्हणजे हुकाचं वजा होणारं वजन, याच वेळी बघा. किलोमधलं मांस काढताना टक्केवारीला वजनाने गुणतात. हुकाचा प्रकार बदलला आणि टेअर जुनाच राहिला, तर टक्के बरोबर आणि किलो चूक, अशी विचित्र तक्रार येते.

नंतर पाणी. पाण्याचं गुणोत्तर मांसाच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे धडावर किंवा पोकळीत राहिलेलं पाणी यंत्र मांसात जमा करतं. २४ किलोच्या धडात चरबी २४ टक्के, म्हणजे ५.७६ किलो. त्यात ४०० ग्रॅम पाणी राहिलं तर चरबी दिसते २३.६ टक्के. एका धडाला हे काहीच नाही, पण प्रतवारीच्या सीमेवर असलेली सगळी धडं एका बाजूला कलंडतात. धुण्याची जागा आणि स्कॅनर यांच्यामधलं निथळण्याचं अंतर कमी झालंय का, फवाऱ्याचा दाब कुणी वाढवलाय का, ते बघा. गंमत म्हणजे डुकरांच्या लाइनवर जी अल्ट्रासाउंडची यू-आकाराची पन्हळ असते, तिथे गोष्ट उलटी आहे. धड कोरडं पडलं तर कातडी आणि ट्रान्सड्युसरच्या (ध्वनी सोडणाऱ्या-टिपणाऱ्या भागाच्या) मधे हवा येते आणि ध्वनी आत शिरतच नाही. दोन्ही लाइन सांभाळणारा माणूस कधीकधी सवयीने मेंढ्यांवरही पाणी सोडतो!

गुर्द्याभोवतीची चरबी काढलीय की तशीच ठेवलीय, हेही एकसारखं हवं. सूत्र बसवताना ती होती आणि आता काढून टाकतायत, किंवा उलट, तर आकडा खोटा नाही, सूत्र दुसऱ्याच धडासाठी आहे. तसंच गरम-थंडाचं. सूत्र गरम कार्कसवर बसवलेलं असेल तर रात्रभर चिलरमध्ये राहून पाणी उडालेली धडं त्याच सूत्रातून काढू नका.

टांगणं आणि डोलणं. धड तिरकं वळून गेलं की किरणांच्या वाटेतली जाडी बदलते. जाडी वाढली की सौम्य किरण आधीच गाळले जातात आणि गुणोत्तर स्वतःहून थोडं सरकतं. यंत्र याची दुरुस्ती करतं, पण ठरावीक जाडीपर्यंत. डोलणाऱ्या धडाचं चित्र लाटेसारखं वेडंवाकडं येतं. मार्गदर्शक पट्टी झिजलीय का बघा, चेनच्या वळणानंतर स्कॅनरपर्यंत धडाला स्थिर व्हायला पुरेशी जागा मिळते का बघा. दोन धडांच्या मधे मोकळी जागा उरतेय ना, हेही. काही यंत्रं त्याच फटीतून मोकळ्या हवेचा संदर्भ घेतात. फट बुजली तर शेजारच्या धडाची कडच हवा समजून बसतात. मग सगळीच गणितं बिघडतात.

ठोकळाही चूक

आता कापड आणि पाणी हातात घ्या. डिटेक्टरसमोर आणि ट्यूबसमोर पातळ खिडकी असते. तिच्यावर चरबीचा शिंतोडा, फेसाचा वाळलेला डाग किंवा थंड-गरम हवेमुळे धरलेलं दव, एवढं पुरे. किरण बंद, कुलूप आणि टॅग लावलेलं, आणि मगच आत हात. खिडकी यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या द्रावणाने आणि मऊ कापडानेच पुसा. दाबाच्या फवाऱ्याने नाही, खरवडून तर नाहीच.

यात एक मेख आहे, आणि ती माझ्या अंगाशी आली होती. खिडकीवर नखाएवढा चरबीचा थेंब होता. चित्रात आडवी रेघ आली, ऑपरेटरने हवेचं कॅलिब्रेशन दाबलं, रेघ गेली. सगळे खूश. कारण यंत्राने त्या थेंबालाच 'हवा' मानलं आणि पुढच्या प्रत्येक चित्रातून त्याला वजा केलं. दुपारी धुण्याच्या वेळी थेंब निघून गेला, आणि आता त्याच जागी उजळ रेघ आली, म्हणजे जिथे कमी अडतंय असा भास. संध्याकाळपर्यंत आम्ही डिटेक्टर बदलायच्या गोष्टी करत होतो. नवीन पट्टीची किंमत ऐकून सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत मी कॅलिब्रेशनच्या वेळा आणि धुण्याच्या वेळा एका कागदावर मांडल्या. तेव्हापासून माझा नियम: काळी रेघ दिसली तर पुसा, उजळ रेघ दिसली तर शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते बघा. पुसून झाल्यावर, खिडकी कोरडी असताना, मगच हवेचं कॅलिब्रेशन.

पुढे एन्कोडर. चेनचा वेग मोजणारं ते लहान चाक. त्याच्या प्रत्येक ठोक्याला डिटेक्टर एक उभी ओळ टिपतो. चेनला मारलेलं ग्रीस चाकावर आलं की ते घसरतं, ठोके कमी पडतात आणि धड चेपलेलं दिसतं. ठोकळा हीच मोजपट्टी म्हणून वापरा: ३०० मिमी रुंद ठोकळा आणि ओळ १.५ मिमीची, म्हणजे २०० ओळी. १९० आल्या तर चाक ५ टक्के घसरतंय. एकसारखं घसरत असेल तर चरबीच्या टक्क्यावर फारसा परिणाम होत नाही, हे खरं सांगायला हवं. छायेचं क्षेत्रफळ मात्र चुकतं, आणि त्याच चित्रावरून कापायच्या जागा ठरवणारा रोबो पुढे असेल तर तोही चुकीच्या जागी कापतो. धक्क्या-धक्क्याने घसरत असेल तर धडाचा काही भाग जास्त ओळी खातो, काही कमी, आणि सरासरी बिघडते. चाक पुसा, स्प्रिंगचा दाब बघा, रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला. स्वस्त भाग आहे, एक जादा आणून ठेवा. प्रकाशाच्या सेन्सरची काचही त्याच फेरीत पुसून घ्या. ती मळली तर सेन्सर धड उशिरा ओळखतो आणि मग पुढचा भाग चित्रातून कापला जातो.

आता तापमान. आकडे हळूहळू सरकण्याचं यंत्रातलं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. डिटेक्टरमधल्या सिलिकॉनच्या डायोडचा अंधारातला प्रवाह साधारण दर ८ ते १० अंशांना दुप्पट होतो. पेटी सकाळी गार, दुपारी शेजारच्या ८२ अंशांच्या निर्जंतुकीकरणाच्या पाण्याने आणि वाफेने तापलेली. पेटीचा थंडावा देणारा पंखा किंवा कूलर चालतोय का, त्याची जाळी धाग्यांनी आणि चरबीने तुंबलीय का, दाराचं रबर सुटलंय का, ते बघा. वहीत आकडा आणि तापमान हातात हात घालून चढत असतील तर दुसरं काही शोधू नका. इथे जाड पायऱ्या आधी चुकतात, वर सांगितलं तसं.

सुट्टीनंतर एकदम उडी असेल तर ट्यूब थंड असताना घाईने माल सोडला का ते विचारा. ट्यूबला आणि डिटेक्टरला स्थिर व्हायला पुस्तकात दिलेला वेळ लागतो. चेन आधी सुरू होते आणि पहिली काही डझन धडं बळी जातात. लांब सुट्टीनंतर ट्यूबवर व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवावं लागतं, नाहीतर आत ठिणग्या पडतात आणि आयुष्य घटतं. बहुतेक यंत्रं हे आपोआप करतात, ऑपरेटर 'वगळा' दाबतात. ते बटण पासवर्डखाली टाका.

एवढं सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, कॅलिब्रेशन. क्रम असा: खिडकी स्वच्छ आणि कोरडी, पेटीचं तापमान स्थिर, वाटेत काही नाही, रिकामा हुकसुद्धा नाही. आधी अंधाराचं, किरण बंद ठेवून. मग हवेचं, किरण चालू. मग ठोकळा तीनदा. तिन्ही आकडे जवळजवळ आले आणि वहीतल्या जुन्या आकड्याशी जुळले तर माल सोडा. तीन आकडे आपापसातच जुळत नसतील तर कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. ते अस्थिर यंत्राचं लक्षण आहे.

इथे थांबायचं

खालच्या गोष्टींत स्वतः हात घालायचा नाही. कौशल्य कितीही असो.

इंटरलॉक वारंवार सुटतोय. दाराचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेला मी बघितलाय, आणि ज्याने तो दाबला त्याला त्या क्षणी कामावरून बाजूला करायला सांगितलंय. किरण चालू असताना धोक्याचा दिवा लागत नाही. शिशाच्या पडद्याची पट्टी फाटली किंवा गळून पडली. ट्रॉली धडकून आवरणाला पोचा आला, बोल्ट सैल झाला. यातलं एकही दिसलं तर किरण बंद, कुलूप, आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला फोन. आवरणाचा पत्रा कुणीही काढून परत बसवला असेल तर सर्व्हे मीटरने (किरणांची गळती मोजणाऱ्या उपकरणाने) मोजणी झाल्याशिवाय यंत्र चालू होणार नाही. कामगार विचारतात म्हणून सांगतो: स्विच बंद झाला की किरण संपले, मांसात किंवा यंत्रात काही साठून राहत नाही. भीती चालू यंत्राच्या गळतीची असते.

ट्यूब, हाय व्होल्टेजचा जनरेटर, तेलाचा वास किंवा गळती, नोंदींत वाढत गेलेल्या ठिणग्या: उत्पादकाचा इंजिनिअर. लागून असलेले अनेक दाणे एकदम मेले, तर डिटेक्टरचा मॉड्यूल, तोही त्यांचाच. एखाद-दुसरा दाणा मेला तर सॉफ्टवेअर शेजाऱ्यांवरून भरून काढतं, ते चालतं.

आणि सूत्र. ठोकळा बरोबर, माल एकसारखा, नोंदी जुळलेल्या, तरी बोनिंगशी कायमचा दोन टक्क्यांचा फरक उरला, तर कुणीतरी सुचवतंच, "दोन वजा करून टाका की." नाही. तो फरक बारीक आणि लठ्ठ धडांना सारखा नसतो, आणि हाडाचा अंदाज त्यातच गुंफलेला असतो. सूत्र नव्याने बसवायला सीटी किंवा पूर्ण सोडवलेली धडं लागतात, सगळ्या वजनगटांतली. ते विश्लेषक मंडळींचं काम.

फोन करण्याआधी एवढं तयार ठेवा: ठोकळ्याची वही, पेटीच्या तापमानाची नोंद, बिघाड सुरू झाल्याची वेळ, त्या दिवशीच्या कॅलिब्रेशनच्या आणि धुण्याच्या वेळा, आणि बिघाडाआधीची दहा व नंतरची दहा कच्ची चित्रं, दोन्ही ऊर्जांची वेगवेगळी. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका. त्यात सॉफ्टवेअरने आधीच रंगरंगोटी केलेली असते. बिघाडाच्या काळातल्या नोंदी पुसू नका, त्यांना 'संशयित' असा शिक्का मारा आणि त्या धडांचे पैसे स्कॅनरच्या आकड्यावर चुकते करणं थांबवा. ठोकळ्याची वही व्यवस्थित असेल तर त्यातले बरेच आकडे नंतर दुरुस्त करून घेता येतात.